शिक्का हरवलेला सभासद

जर्मनीत हॅनोव्हरला आल्यावर मी नेमका कशाचा अभ्यास करते हे आईला समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले. म्हणजे मी सांगत होते, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. एका रविवारी फोनवर मी सरळ सुरुवातीपासून सांगायला घेतलं.

"आई, दीडेकशे वर्षांपूर्वी तुर्कांचं एक फार मोठं राज्य होतं. ऑटोमन म्हणतात त्यांना. त्या राज्यात तुर्क, अरब, बल्गर, ग्रीक, ज्यू, आर्मेनियन, सगळे लोक. राज्य खिळखिळं व्हायला लागलं म्हणून वरच्यांनी सुधारणा करायला घेतल्या. जिल्ह्या-जिल्ह्यात मंडळं नेमली. मंडळात मुसलमान सभासद असायचे आणि दुसऱ्या धर्मांचेही असायचे. मी त्या मंडळांवर लिहितेय."

आई म्हणाली, "म्हंजी ग्रामपंचायत."

"तसंच काहीसं. पण जिल्ह्याची."

"आन ते दुसऱ्या धर्माचे कुठं बसायचे?"

मी वाचलं होतं तेच सांगितलं. "दाराजवळ."

"मंग ग्रामपंचायतच," आई म्हणाली.

आई एक मुदत ग्रामपंचायतीची सभासद होती. आमचं गाव परभणीपासून बरंच आत आहे. त्या खेपेला आमच्या वॉर्डातली जागा वस्तीतल्या बाईसाठी राखीव निघाली, आणि गावातल्या मोठ्या लोकांनी बसून ठरवलं की हिला उभं करू, ही कुणाशी भांडत नाही. आई सातवीपर्यंत शिकलेली. सभेला ती मोजक्या वेळा गेली असेल. गेली की दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि पदर सारखा करत राहायची. एरवी सभा झाल्यावर ग्रामपंचायतीचा शिपाई प्रोसिडिंग बुक काखेत मारून आमच्या घरी यायचा. "वैनी, सही करा हो, पुढं दोन घरं राहिलीत." आईचे हात पिठात असायचे. ती एक हात पुसायची, मी बुक धरायची, आणि शिपाई बोट ठेवेल तिथे ती सही करायची. आपण काय मंजूर केलं हे तिला माहीत नसायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आईच्या सहीवाचून गावाचं अडतं, याचा अभिमान वाटायचा.

हे सगळं मी प्रबंधात कुठेही लिहिलेलं नाही. पण हा विषय मी का धरला, असं इथे कुणी विचारलं की मला तो शिपाई आठवतो आणि मी काहीतरी दुसरंच उत्तर देते.

मला ऑटोमन तुर्की येत नव्हती. माझी साधनं जर्मन होती. डॅन्यूबच्या काठच्या एका जिल्ह्यात त्या काळी एक जर्मन बोलणारा कॉन्सल होता. व्यापाऱ्यांची कामं बघायची आणि वर अहवाल पाठवायचे, एवढं त्याचं काम. त्याचे अहवाल जुन्या जर्मन हस्ताक्षरात आहेत. ती अक्षरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुणी बाभळीच्या काट्यांची रांग लावून ठेवलीय असं वाटलं होतं. ती वाचायला शिकण्यात माझं एक अख्खं सत्र गेलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे इतका वेळ एका हस्ताक्षरावर घालवणं बरोबर आहे की नाही, हे विचारायला घरचं कुणी नव्हतं. मी आपली वाचत राहिले.

कॉन्सलच्या अहवालांतून तो जिल्हा हळूहळू दिसायला लागला. वरून आलेला नवा अधिकारी उत्साही होता. त्याला रस्ता करायचा होता, पूल बांधायचा होता, शाळा काढायची होती, आणि सगळं पटकन करायचं होतं. कायद्यानं त्याला मंडळाची संमती लागायची. संमती म्हणजे कागदाखाली प्रत्येक सभासदाचा शिक्का. आता हे शिक्के सभासदांनी जवळ बाळगावेत की नाही? पण कॉन्सल लिहितो की ते कारकुनाकडे असत, एका रुमालात गाठ मारून. कागद तयार झाला की कारकून रुमाल सोडायचा आणि एकामागून एक शिक्के उमटवायचा. सगळे धर्म, सगळ्या जाती-जमाती, सगळ्यांची संमती. सुधारणा झाली.

आणि मग तो कातड्याचा व्यापारी. मंडळातला एक बल्गर सभासद. एका हिवाळ्यात त्यानं कारकुनाकडून आपला शिक्का मागून घेतला, घरी काही कागदाला लागतो म्हणाला, आणि मग तो शिक्का नदीत पडला असं सांगितलं. नवा शिक्का कोरणारा दूरच्या शहरात होता. व्यापारी आज जातो, उद्या जातो करत राहिला. रस्त्यासाठी गावोगावचे लोक वेठीला धरायचा कागद त्याच्या शिक्क्यावाचून अडला. कॉन्सलला याचा फार वैताग आला होता, कारण त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना तो रस्ता हवा होता. त्यानं लिहून ठेवलंय की हा माणूस वेंधळा आहे.

मी ते वाचलं आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, हा वेंधळा नाही. याला नाही म्हणायचं होतं, आणि त्या खोलीत नाही म्हणायला जागाच नव्हती.

माझ्या प्राध्यापकबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस बारीक कापलेले, बोलताना पेन्सिल फिरवत राहण्याची सवय. "सुंदर," त्या म्हणाल्या. "पण हे तुम्ही सिद्ध कसं करणार? कॉन्सल तर वेगळंच सांगतोय."

"मंडळाचे मूळ कागद आहेत. त्यांच्या छापील प्रती लायब्ररीत आहेत."

"तुम्ही वाचू शकता ते?"

"नाही."

ते खंड मी काढून पाहिले होते. अरबी वळणाच्या ओळी आणि खाली काळे गोल शिक्के, शाईचे थेंब सांडल्यासारखे. कुठला कुणाचा, हे मला कळत नव्हतं. एका पानावर दोन शिक्क्यांच्या मध्ये जरा जागा सुटल्यासारखी वाटत होती. पण ती नुसतीच जागाही असू शकेल.

"बघू," बाई म्हणाल्या. आणि त्याच भेटीच्या शेवटी, मी दप्तर उचलत असताना, त्यांनी विचारलं, "आमच्या स्टुडियनकोमिसिऑनमध्ये याल का? अभ्यासक्रमाचे नियम ठरवणारी समिती आहे. विद्यार्थ्यांच्या दोन जागा असतात. बाहेरून आलेल्यांचाही आवाज हवा."

मी हो म्हणाले. बाईंना नाही म्हणायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

समितीच्या पहिल्या सभेला मी लवकर पोचले. खोलीत लांब टेबल होतं. चांगल्या खुर्च्या मोठ्यांसाठी सोडून मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. आई आठवली, पण हसू आलं तेवढंच. मग एकेक जण आले. अध्यक्ष होते एक निवृत्तीला आलेले प्राध्यापक, घड्याळ काढून समोर ठेवणारे. दुसरा विद्यार्थी सभासद इथलाच, कानात बाळी घातलेला, सगळ्यांना नावानं हाक मारणारा.

विषय होता प्र्युफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेचे आणि पदवीचे नियम. ते बदलायचे होते. माझ्याच बाई बोलायला लागल्या. ज्यांना बहुभाषिक साम्राज्यांवर प्रबंध लिहायचा आहे त्यांना त्या राज्यकारभाराची एक तरी भाषा वाचता आली पाहिजे, त्या म्हणाल्या. नाहीतर आपण कायम परक्या कॉन्सलच्या खिडकीतून बघत राहू. मी मान हलवत होते. आमच्याकडे कुणी मोठं माणूस बोलत असलं की आपण मान हलवतो, ऐकतोय म्हणून. शिवाय मला पटतही होतं.

मग अध्यक्षांनी पुढचं वाचलं. एका दमात, सरकारी जर्मनमध्ये. मला शेवटी "सप्टेंबर" ऐकू आलं, आणि त्याच्या आधी काहीतरी, ज्यांनी आधीच सुरुवात केलीय त्यांच्याबद्दल. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. ज्यांचं अर्ध्यावर आहे त्यांचं काय? पण मला वाटलं, हे वाक्यात आलं असेल आणि मलाच समजलं नसेल. सगळ्यांसमोर विचारलं तर बाईंच्या बोलण्यात मी खोट काढतेय असं दिसेल. मोठ्यांना असं सभेत विचारायचं नसतं. मागाहून त्यांच्या खोलीत जाऊन, वेळ बघून विचारायचं. आणि कागद सहीला येईलच की, तेव्हा नीट वाचता येईल.

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी टेबलाभोवती नजर फिरवली. माझ्यावरूनही फिरवली. मग घड्याळाकडे पाहिलं. "नाही. छान."

पुढचा विषय कॉफीच्या मशीनचा होता. त्यावर पुष्कळ वेळ चर्चा झाली. मशीन कुणी साफ करायचं यावर तर आवाजही चढले.

काही दिवसांनी सभेचं इतिवृत्त मेलवर आलं. इथे त्याला प्रोटोकोल म्हणतात. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती कळवावी, असं खाली होतं. मी सहीची जागा शोधली. नव्हती. म्हणजे सहीचा कागद वेगळा येणार, असं मी धरून चालले, आणि उत्तरात लिहिलं, "फीलेन डांक." मनापासून आभार मानले मी.

जूनमध्ये प्रबंधाची नोंदणी करायला प्र्युफुंग्सआम्टमध्ये, म्हणजे परीक्षेच्या कचेरीत, गेले. खिडकीमागच्या बाईंनी स्क्रीनवर माझं नाव काढलं.

"विषय ऑटोमन प्रांत. भाषेचं प्रमाणपत्र?"

"माझी साधनं जर्मन आहेत."

"नव्या नियमानं ऑटोमन तुर्की लागेल. दोन सत्रं."

"पण मी जुन्या नियमातली आहे."

"मग सप्टेंबरअखेर प्रबंध आणून द्या. त्यानंतर जुना नियम संपतो."

सप्टेंबरअखेर! माझी दोन प्रकरणं कच्ची होती आणि तिसरं म्हणजे तर तो व्यापारी, ज्याचा पुरावा मला वाचता येत नव्हता. मी म्हणाले, "हे असं कसं ठरवलं? अर्ध्यावर असलेल्यांचा कुणी विचार केला नाही का?"

खिडकीमागच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खांदे उडवले. "समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात ना. त्यांनी काही म्हटलेलं नाही. तुम्ही त्यांच्याशी बोला."

"हो," मी म्हणाले. "बोलते."

घरी आले ती तशीच स्वयंपाकघरात बसले. माझ्यासोबत राहणारी ताई पुण्याची आहे, इथल्या एका कंपनीत इंजिनीअर. तिच्या वडिलांनीही जर्मनीत शिक्षण घेतलेलं. ती चहा टाकत होती. मी सगळं सांगितलं.

"आल्झो, ऐक," ताई म्हणाली. "हरकत आहे का विचारलं, तू गप्प बसलीस. म्हणजे तू हो म्हणालीस. एवढं सोपंय."

"पण मी सही कुठे केली?"

"सही?"

"आमच्याकडे सही घ्यायला घरी येतात."

ताई इतकी हसली की चहा उतू गेला. "घरी येतात! अगं, इथे हीटर दुरुस्त करायला कुणी घरी येत नाही, तुझी सही घ्यायला कोण येणारे? आणि वर आभार मानलेस? प्रोटोकोलचे?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. "सॉरी. म्हणजे, तुला हे कधी कुणी सांगितलं नाही का गं? घरी, कॉलेजात?"

"कोण सांगणार?"

ती सांडलेला चहा पुसत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "पुढच्या सभेत बोल. प्रोटोकोल मंजूर करायचा विषय पहिलाच असतो. तिथे हात वर करायचा. गेनाऊ, अगदी तेव्हाच, नंतर नाही."

पुढची सभा जुलैच्या शेवटाला होती. ते मधले आठवडे मला नीट सांगता येणार नाहीत. हॅनोव्हर सपाट शहर आहे, ट्राममधून कुठेही गेलं तरी तीच घरं, तीच झाडं पुढे येतात असं मला तेव्हा वाटायचं. इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि आउसलेंडरबेहोर्डेनं, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीनं, तात्पुरता कागद दिला होता. त्या कागदावर गावी जाऊन परत येता येईल की नाही, यावर दोन माणसांनी मला दोन उत्तरं दिली, म्हणून मी जाण्याचा विचार सोडला. पुढचा परवाना हवा तर पदवी कधी पुरी होईल ते विद्यापीठानं लिहून द्यायला हवं. आणि विद्यापीठाला ते माझ्याकडून हवं. सकाळी लायब्ररीत जायचं, कॉन्सलचे काटे वाचायचे आणि त्या व्यापाऱ्याला सप्टेंबरच्या आत बसवायचा प्रयत्न करायचा. तो बसत नव्हता.

आईला मी आधी काही सांगितलं नव्हतं. पण तिनं विचारलं, "आवाज का असा येतोय?" मग सांगितलं. समिती, सभा, दाराजवळची खुर्ची.

"मंग तू काय बोललीस?"

"काही नाही."

"मी पण कधी काही बोलले न्हाई." आईकडे मागे कुकरची शिट्टी झाली. "पण माझ्या घरी रजिस्टर तरी यायचं बाई. तुझं तर तेवढं पण न्हाई आलं."

आम्ही दोघी हसलो. मला नंतर वाटलं, ती हसली नसती तर बरं झालं असतं.

"तुला कधी वाटलं नाही का, सही करू नये?" मी विचारलं.

"वाटायचं. पण तो बिचारा दारात उभा. पुढं दोन घरं राहिली म्हणायचा. त्याचं काय अडवायचं?" आई म्हणाली. "तुझा तो कातडंवाला हुशार. शिक्काच हरवला म्हनला. कुनाला राग न्हाई, लोभ न्हाई."

"आई, त्यानं मुद्दाम केलं हे मला सिद्ध करता येत नाहीये."

"का?"

"तिकडची लिपी येत नाही मला."

"मंग शिक की," आई म्हणाली, जसं काही मी सायकलबद्दलच बोलत होते.

सभेच्या दिवशी मी दाराजवळ बसले नाही. टेबलाच्या मधोमध बसले आणि लगेच वाटलं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. कुणीच बघत नव्हतं. कानात बाळी घातलेला मुलगा पाव खात होता.

"पहिला विषय," अध्यक्ष म्हणाले. "मागच्या प्रोटोकोलची मंजुरी."

मी हात वर केला. हात वर करायला इतकी ताकद लागते हे मला माहीत नव्हतं.

"बोला."

मी वाक्य घरून तयार करून आणलं होतं. "नियमबदलावर कुणाची हरकत नव्हती असं यात लिहिलंय. माझी होती. ती यात यावी."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "तुम्ही त्या सभेत होतात?"

"हो."

"तुम्ही हरकत घेतली होती?"

"मनात होती."

मुलानं पाव खाली ठेवला. कुणी हसलं नाही, त्याचं मला अजून बरं वाटतं. अध्यक्ष सावकाश म्हणाले, "हे बघा, प्रोटोकोलमध्ये जे बोललं गेलं ते येतं. तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही बोललात असं त्यात लिहिलेलं नाही. म्हणजे प्रोटोकोल बरोबर आहे."

त्यांचं चुकत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा ते वाक्य मनात फिरवून पाहिलं, कुठेही फट नव्हती.

"निदान मुदत वाढवता येईल का? अर्ध्यावर असलेल्यांसाठी?"

"तो निर्णय आता वरच्या मंडळात मंजूर झालाय. इथून तो परत घेता येत नाही." मग त्यांनी घड्याळाकडे न बघता विचारलं, "तुम्हाला प्रोटोकोलच्या विरोधात मत द्यायचंय? तो तुमचा हक्क आहे."

मी विरोधात मत दिलं. बाळीवाल्या मुलानं मत दिलं नाही, तटस्थ राहिला, आणि माझ्याकडे बघून जरा खांदा हलवला. बाकी सगळे बाजूनं. प्रोटोकोल मंजूर झाला. आता पुढच्या इतिवृत्तात लिहिलं जाईल की मागच्या इतिवृत्ताला एक मत विरोधात पडलं. बस, एवढंच. मग कॉफीच्या मशीनचा विषय आला, कारण ते अजून कुणी साफ करत नव्हतं.

सभेनंतर बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. "मला हे आधी का नाही सांगितलंत?" त्या खरंच दुखावल्या होत्या. "मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत ना?"

"सांगितलं असतं," मी म्हणाले. "मी वाट बघत होते तुम्ही विचाराल म्हणून."

"आणि मी वाट बघत होते तुम्ही सांगाल म्हणून." त्यांनी पेन्सिल उचलली, कॅलेंडर पुढे ओढलं. "ठीक आहे. मार्ग काढू या. कॉन्सलला ऑटोमन प्रांत कसा दिसला, एवढाच विषय ठेवा. ते तुमच्याकडे जवळजवळ तयार आहे. भाषा लागत नाही. व्यापाऱ्याला तळटीपेत टाका, एक-दोन ओळी. जुन्या नियमात सप्टेंबरअखेर देता येईल. ऑक्टोबरपासून माझ्या प्रकल्पात साहाय्यकाची जागा आहे, परवान्याचाही प्रश्न सुटेल. मग असंच करू या."

त्यांनी माझ्यासाठी खूप केलं होतं आणि आताही करत होत्या. हे लिहिताना मला ते स्पष्ट लिहायचंय. त्या खोलीत माझ्या विरोधात कुणी नव्हतं. बाहेर सायकली लावल्याचा आवाज येत होता. माझी मान हलायला लागली आहे हे मला जाणवलं, आणि बाईंची पेन्सिल सप्टेंबरच्या पानाकडे निघाली होती.

तळटीपेत त्याच्याबद्दल काय लिहिणार होते मी? कॉन्सलच्या मते हा सभासद वेंधळा होता, एवढंच लिहिता आलं असतं. कारण माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. म्हणजे तोच कागद पुन्हा एकदा, या वेळी माझ्या सहीनं.

"नाइन," मी म्हणाले.

आवाज फार मोठा आला. बाईंनी वर पाहिलं.

"नाही," मी परत म्हणाले, जरा हळू. "तळटीपेत नको. मी नव्या नियमात जाते. भाषा शिकते."

"दोन सत्रं जातील. आणि नंतर प्रबंध."

"हो."

"परवाना?"

"तुम्ही लिहून द्याल का, की मला तेवढा वेळ लागेल?"

त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या शांततेचा अर्थ काय धरायचा ते मला कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "लिहून देईन. पण मला वाटतं तुम्ही चूक करताय."

"असेल," मी म्हणाले.

ते पत्र मी कचेरीत दिलं. मला आणखी एक तात्पुरता कागद मिळाला, पहिल्यासारखाच. दिवाळीला येता येणार नाही हे आईला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि माझ्या बहिणीकडे फोन दिला. बहीण म्हणाली, "अगं, तिनं तुझ्या खोलीतली गादी उन्हात घालून ठेवली होती." ते तिनं सांगायला नको होतं.

तुर्कीचा वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. तळमजल्यावरची खोली आहे, खिडकी अंगणाच्या पातळीला, बाहेर फक्त लोकांचे बूट दिसतात. आम्ही चौघं-पाच जण. काही शब्द ओळखीचे निघतात, दफ्तर, मोहर, हुकूम, आणि मग मला उगाच वाटतं की मी घरीच आहे, पण पुढच्याच ओळीत ते सगळं नाहीसं होतं. अक्षरं शब्दात जोडली गेली की आपला आकार बदलतात. सुरुवातीचं एक, मधलं एक, शेवटचं एक. माझं अजून मधलं चुकतं. कधी कधी वर्ग संपल्यावर लायब्ररीत जाऊन मी तो खंड उघडते, ते पान काढते आणि शिक्क्यांमधल्या त्या जागेकडे बघते. अजून मला तिथलं एक नावही लागलेलं नाही. तिथे काही नसेलही. मग माझं हे वर्ष त्या रिकाम्या जागेपायी गेलं, असं होईल. तेही मी मनाशी बोलून ठेवलंय.

आई आता दर रविवारी आधी त्याचीच चौकशी करते.

"कातडंवाल्याचं कळलं का काही?"

"नाही अजून. अक्षरं जोडायला शिकतेय."

"जोड, जोड," ती म्हणते. "तो काय पळून चाललाय?" मग आवाज खाली घेऊन विचारते, "त्या दिशी हात वर केलास, लई जड गेलं का गं?"

"लई," मी म्हणते.

"मला वाटलंच. मला तर नुसतं पेन धरायचं होतं," आई म्हणते, आणि शेजारच्या काकूंकडे काय झालं ते सांगायला लागते.